असिंक कोडने एसएफटीपीवर फायली पाठवताना मध्येच अडकतंय? या क्रमाने तपासा

लक्षणं

एसएफटीपी म्हणजे एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करण्याची पद्धत) या जोडणीवरून फायली पाठवणं, आणि असिंक कोड म्हणजे एका कामाची वाट पाहताना दुसरं काम पुढे नेणारा कोड. एक-दोन फायली पाठवल्या तर सगळं सुरळीत. दोनशे एकदम सोडल्या की बहुतेक जातात, काही "कनेक्शन लॉस्ट" म्हणून पडतात. आणि पुन्हा चालवलं की पडणाऱ्या फायली वेगळ्याच असतात. या बिघाडाचं हे सगळ्यात ओळखीचं रूप.

दुसरं रूप जास्त घातक. स्क्रिप्ट एकही एरर न देता संपते, लॉगमध्ये "अपलोड पूर्ण" असं छापलेलं असतं, पण सर्व्हरवर फाइल एकतर नसते, नाहीतर शून्य बाइटची असते, नाहीतर अर्धीच असते. पलीकडचा प्रोग्राम ती अर्धी फाइल उचलतो, वाचतो आणि पुढच्या कामाला लागतो. चूक लक्षात येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

याशिवाय: हाताने चालवलं की चालतं, क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीतून) चालत नाही. मोठी फाइल मध्येच थबकते, एरर येत नाही आणि आकडाही पुढे सरकत नाही. जोडणी होतानाच होस्ट कीची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्लीची) तक्रार येते. कोडला कुणी हात लावलेला नसतो तरी आज "परमिशन डिनाइड".

वरवर पाहता हे सगळं नेटवर्कचं दुखणं वाटतं. मी हा बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त केलाय आणि मुळाशी बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सापडते: कोडने एखाद्या कामाची वाटच पाहिलेली नसते, किंवा सर्व्हरवर एकाच क्षणी नको इतक्या जोडण्या आदळलेल्या असतात. तरीही तपासणी मी कोडपासून सुरू करत नाही. त्याआधीच्या तपासण्या काही मिनिटांत होतात, फुकट होतात, आणि त्या केल्या नाहीत तर चांगल्या कोडमध्ये उगाच बदल होत राहतात.

खालचं सगळं पायथन, त्यातलं असिंक कामाचं मॉड्यूल असिंकआयओ आणि एसएसएच जोडण्यांसाठीची असिंकएसएसएच ही लायब्ररी धरून लिहिलंय. पलीकडे ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरचा सर्व्हर आहे असं समजा. दुसऱ्या भाषेत काम करत असाल तर फंक्शनची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

१. कोड बाजूला ठेवा, साध्या कमांडने एक फाइल पाठवा

ज्या मशीनवर स्क्रिप्ट चालते तिथूनच, त्याच युजरने, तीच प्रायव्हेट की (लॉगिनची गुप्त किल्ली; तिची जोडीदार पब्लिक की सर्व्हरवर असते) देऊन, साध्या एसएफटीपी कमांडने एक छोटी फाइल पाठवून बघा. कमांडला तीन वेळा व्ही हा पर्याय लावा, म्हणजे ती प्रत्येक पायरी बोलून दाखवते. बॅचमोड येस हा पर्यायही द्या. त्याने पासवर्ड किंवा पासफ्रेज (कीवरचा पासवर्ड) विचारणं बंद होतं. क्रॉनमध्ये उत्तर द्यायला कुणी बसलेलं नसतं, तीच परिस्थिती इथे तयार होते.

यावर माझा इतका भर असण्याचं कारण असं की ही एकच तपासणी अर्धे संशयित बाद करते. साध्या कमांडनेही फाइल जात नसेल तर असिंक कोडचा काही संबंध नाही. आउटपुट कुठे थांबतं ते बघा. "कनेक्शन एस्टॅब्लिश्ड" च्या आधीच थांबलं तर फायरवॉल, पोर्ट किंवा पत्त्याचा प्रश्न. की एक्स्चेंजच्या (दोन्ही बाजू एन्क्रिप्शनची किल्ली ठरवतात त्या पायरीच्या) मध्येच गोठलं तर सहाव्या तपासणीत दिलेलं पॅकेटच्या आकाराचं दुखणं आठवा. सर्व्हर "ऑथेंटिकेशन्स दॅट कॅन कंटिन्यू" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर की किंवा परवानगीचा घोळ आहे.

"त्याच युजरने" हे शब्द हलके घेऊ नका. क्रॉन किंवा सिस्टीमडीतून (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रोग्राममधून) चालणारी स्क्रिप्ट बहुधा वेगळ्या युजरची असते. तिची होम डिरेक्टरी वेगळी, म्हणजे ओळखीच्या सर्व्हरच्या होस्ट की नोंदवणारी नोन होस्ट्स फाइलही वेगळी. शिवाय तुमच्या टर्मिनलमध्ये एसएसएच एजंट चालू असतो आणि त्यात की आधीच उघडून ठेवलेली असते. क्रॉनला तो एजंट दिसत नाही. हाताने चालतं आणि क्रॉनमधून नाही, या तक्रारीचं उत्तर मला बहुतेक वेळा इथेच मिळालंय. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलवर विसंबून असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: असिंकएसएसएच ती फाइल वाचते, पण त्यातली प्रत्येक सूचना तिला कळतेच असं नाही. म्हणून कीचा पूर्ण पाथ, युजरचं नाव आणि नोन होस्ट्स फाइलचा पाथ मी कोडमध्ये स्पष्ट लिहितो.

२. पलीकडे जागा आहे का, तिथे लिहायची मुभा आहे का

एसएफटीपीच्या आवृत्ती ३ मध्ये, जी ओपनएसएसएच वापरतं, एरर कोड मोजकेच आहेत. फाइल नाही याला २, परवानगी नाही याला ३, आणि इतर बहुतेक सगळ्याला ४, म्हणजे नुसतं "फेल्युअर". डिस्क भरली तरी "फेल्युअर", कोटा संपला तरी "फेल्युअर". त्यामुळे हा शब्द दिसला की कोड वाचत बसण्याआधी एसएफटीपीच्या प्रॉम्प्टवर डीएफ ही कमांड द्या. ओपनएसएसएचचा सर्व्हर असेल तर उरलेली जागा तिथेच दिसते. जागा भरपूर दिसली तर आयनोडही (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या फाइलसिस्टीमच्या नोंदी) मोजा; लाखो छोट्या फायली ठेवणाऱ्या सर्व्हरवर जागेआधी आयनोड संपतात.

याच "फेल्युअर" मागे आणखी एक कारण लपलेलं असतं. ज्या नावाने फाइल रीनेम करायची आहे त्या नावाची फाइल आधीच तिथे असेल तर आवृत्ती ३ चं साधं रीनेम नकार देतं. त्यावरचा उपाय पाचव्या तपासणीत आहे.

सर्व्हरवर तुमचा युजर क्रूटमध्ये (एकाच फोल्डरपुरत्या कुंपणात) कोंडलेला असेल तर पाथही तपासा. तुम्हाला जे मूळ फोल्डर दिसतं ते सर्व्हरचं खरं मूळ नसतं. क्रूटचं फोल्डर रूट या मुख्य ॲडमिन युजरच्या मालकीचं असावं लागतं आणि इतर कुणाला त्यात लिहिता येता कामा नये, नाहीतर ओपनएसएसएच लॉगिनच होऊ देत नाही. म्हणून फाइल थेट त्या मुळात ठेवायला गेलात तर परवानगी नाकारलीच जाणार. आत तुमच्यासाठी केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा.

३. किल्ल्या आणि होस्ट की

प्रायव्हेट कीची परवानगी ६०० हवी, डॉट एसएसएच फोल्डरची ७००, म्हणजे दोन्ही फक्त मालकापुरत्या. सर्व्हरच्या बाजूला होम डिरेक्टरीत ग्रुपला किंवा इतरांना लिहायची मुभा असेल तर स्ट्रिक्टमोड्स या सेटिंगमुळे ऑथराइज्ड कीज फाइलकडे (लॉगिनची मुभा असलेल्या पब्लिक कीच्या यादीकडे) सर्व्हर बघतही नाही. कोड न बदलता एके दिवशी अचानक "परमिशन डिनाइड" येतं, त्यामागे अनेकदा कुणीतरी सर्व्हरवर सरसकट परवानग्या बदलल्याचं निघतं.

एजंटमध्ये खूप किल्ल्या असतील तर त्या एकेक करून पुढे केल्या जातात आणि योग्य कीची पाळी येण्याआधीच सर्व्हर कंटाळतो. किती प्रयत्न चालतील हे ठरवणाऱ्या मॅक्सऑथट्राइजचा डिफॉल्ट ६ आहे. कोडमध्ये नेमकी एकच की सांगितली की हे थांबतं.

सर्व्हर नुकताच अपग्रेड झाला असेल तर हेही बघा. ओपनएसएसएच ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, शा-१ या जुन्या हॅश पद्धतीवर (डेटाचा छोटा ठसा काढण्याच्या पद्धतीवर) आधारलेल्या आरएसए कीच्या सह्या डिफॉल्टने बंद आहेत. आरएसए की स्वतः चालते, पण जुनी लायब्ररी तिच्याने जुन्या पद्धतीची सही करते आणि सर्व्हर ती नाकारतो. लायब्ररी अपडेट करा किंवा ईडी२५५१९ प्रकारची नवी की करून द्या. सर्व्हरवर जुनी पद्धत पुन्हा चालू करायला सांगू नका. ती बंद केली ती कमकुवत झाली म्हणूनच.

आता होस्ट की. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्यात वाईट "दुरुस्ती" इथेच होते. होस्ट की पटली नाही अशी एरर आली की शोधाशोध केल्यावर हमखास सापडणारं उत्तर असतं: कोडमध्ये नोन होस्ट्सला नन (रिकामं मूल्य) द्या. दिलं की एरर जाते आणि फायलीही जातात. पण आता पलीकडे कोण आहे हे तुमचा प्रोग्राम विचारतच नाही. मध्ये कुणी स्वतःला तुमचा सर्व्हर म्हणून उभं केलं तरी तो सगळ्या फायली त्याच्या हातात देईल, आणि पासवर्डने लॉगिन करत असाल तर पासवर्डही. एन्क्रिप्शन तेव्हाही चालू असतंच, फक्त ते चुकीच्या माणसापर्यंत पोचवणारं असतं. "सिक्युअर ट्रान्सफर" या शब्दांतला "सिक्युअर" ज्या एका ओळीवर उभा आहे ती हीच.

योग्य मार्ग फार लांबचा नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला होस्ट कीचा फिंगरप्रिंट (कीचा छोटा ठसा) विचारा, आणि तो त्याच जोडणीवरून नाही तर फोनवर किंवा तुमच्या ठरलेल्या अंतर्गत मार्गाने घ्या. एसएसएच-कीस्कॅनने (सर्व्हरकडून त्याची होस्ट की मागवणाऱ्या कमांडने) मिळालेली की त्याच्याशी जुळवा, जुळली की स्क्रिप्टच्या नोन होस्ट्स फाइलमध्ये घाला. कीस्कॅन नुसता चालवून आलेलं आउटपुट डोळे मिटून जोडलं तर काहीच पडताळलं जात नाही. समोरच्याने जे सांगितलं तेच तुम्ही लिहून घेतलेलं असतं.

होस्ट कीची एरर कधी येते, कधी येत नाही, असं असेल तर त्या नावामागे लोड बॅलन्सर (जोडण्या अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा) आणि एकाहून जास्त सर्व्हर आहेत का ते विचारा. प्रत्येकाची होस्ट की वेगळी असेल तर ज्याच्याकडे जोडणी गेली त्यावर निकाल ठरतो.

इथे थांबायचं: आधी नोंदलेली होस्ट की बदलली आहे आणि ती का बदलली हे सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही सांगता येत नाही, तर एकही फाइल पाठवू नका. जुनी नोंद पुसून नवी घेऊ नका. शेड्यूल बंद करा आणि सुरक्षेचं काम बघणाऱ्यांना कळवा. काम अडेल, त्याचा दबाव येईल, तरी थांबा.

४. आता कोड: कुणाची वाट पाहिली, कुणाची नाही

साध्या कमांडने फाइल नीट जाते आणि कोडने नाही, एवढं ठरलं की कोड उघडा. आधी डीबग मोड चालू करा. असिंकआयओच्या रन फंक्शनला डीबग ट्रू दिलं की झालं. त्यासोबत वॉर्निंग्ज दडपल्या जात नाहीत ना ते बघा. मग लॉगमध्ये दोन वाक्यं शोधा: "कोरूटीन वॉज नेव्हर अवेटेड" आणि "टास्क एक्सेप्शन वॉज नेव्हर रिट्रीव्ह्ड".

पहिल्याचा अर्थ, फाइल पाठवणाऱ्या पुट फंक्शनला हाक मारली पण अवेट लिहिलं नाही. कोरूटीनला (असिंक फंक्शनला) नुसती हाक मारली की ती तयार होते, चालत नाही. पुढची ओळ "अपलोड पूर्ण" छापते आणि प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसतं.

दुसऱ्याचा अर्थ, टास्क (पार्श्वभूमीला चालायला सोडलेली कोरूटीन) चालला, पडला, आणि तो का पडला हे कुणी विचारलंच नाही. याचंच भावंड म्हणजे अनेक कोरूटीन एकदम चालवणाऱ्या गॅदरला रिटर्न एक्सेप्शन्स ट्रू देणं. ते दिलं की एक फाइल पडल्याने बाकीच्या अडत नाहीत, हे चांगलंच आहे. पण मग एरर फेकली जात नाही, निकालांच्या यादीत एक वस्तू म्हणून परत येते. ती यादी तपासली नाही तर दोनशेपैकी चाळीस पडल्या तरी स्क्रिप्ट यशस्वी. कोड वाचताना मी गॅदर दिसलं की लगेच खालची ओळ बघतो: निकालावर फिरणारा लूप आहे का? नसेल तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

अर्ध्या फायली कुठून येतात? मुख्य कोरूटीन क्रिएट टास्कने अपलोड सुरू करते आणि त्याची वाट न पाहता परत फिरते. ती संपली की रन फंक्शन उरलेले सगळे टास्क रद्द करून इव्हेंट लूप (सगळी असिंक कामं आळीपाळीने चालवणारा भाग) बंद करतं. अपलोड जिथे होता तिथे कापला जातो. छोट्या फायली तोवर पोचलेल्या असतात, मोठ्या अर्ध्यावर तुटतात, म्हणून "फक्त मोठ्या फायलींना त्रास होतो" असा भास होतो आणि सगळे नेटवर्ककडे बघत बसतात. शिवाय इव्हेंट लूप टास्कचा फक्त कमकुवत संदर्भ धरून ठेवतो. तुम्ही टास्क कुठल्याच व्हेरिएबलमध्ये ठेवला नाही तर तो काम संपण्याआधी गार्बेज कलेक्शनमध्ये (न वापरलेल्या वस्तू मेमरीतून काढण्याच्या कामात) जाऊ शकतो. पायथन ३.११ किंवा पुढचं असेल तर टास्कग्रुप वापरा. तो सगळे टास्क संपेपर्यंत बाहेर पडू देत नाही आणि एरर लपवत नाही. मात्र एक टास्क पडला की तो बाकीच्यांना रद्द करतो. तसं नको असेल तर प्रत्येक फाइलची एरर तिच्याच फंक्शनमध्ये पकडा आणि नोंदवा.

गर्दी

आता ते कोडं: दर वेळी वेगळ्याच फायली का पडतात? ओपनएसएसएचमध्ये मॅक्सस्टार्टअप्स नावाची मर्यादा आहे, डिफॉल्ट १०:३०:१००. लॉगिन पूर्ण न झालेल्या जोडण्या १० झाल्या की नव्या येणाऱ्यांपैकी ३० टक्के सर्व्हर चिठ्ठ्या टाकल्यासारखा नाकारतो. संख्या वाढेल तसं हे प्रमाण वाढतं, १०० ला सगळ्यांनाच नकार. म्हणजे मोजदाद आत येऊन बसलेल्यांची होत नाही, दारात ताटकळणाऱ्यांची होते. दोनशे टास्क सुरू करून प्रत्येकात वेगळी जोडणी उघडली तर सगळे एकाच क्षणी दारात येतात, आणि कोण आत जाईल हे नशिबावर ठरतं. लूप साधा, एकामागून एक चालणारा असता तर ही वेळ कधीच आली नसती. म्हणून असिंक केल्यावरच हा बिघाड दिसू लागतो.

उपाय: जोडणी एकच उघडा, तिच्यावर एसएफटीपी सेशनही एकच उघडा, आणि त्याच सेशनवर अनेक फायली समांतर पाठवा. एसएफटीपीत प्रत्येक विनंतीला आपला क्रमांक असतो, त्यामुळे एका सेशनवर अनेक फायली एकत्र चालू शकतात. प्रत्येक फाइलसाठी नवं सेशन उघडायला गेलात तर मॅक्ससेशन्स आडवं येतं, डिफॉल्ट एका जोडणीमागे १०.

त्यावर सेमाफोर (एका वेळी ठरलेल्याच संख्येची कामं चालू देणारा) लावा. मी ४ किंवा ५ पासून सुरुवात करतो. मोजून बघा, बँडविड्थ भरली की त्यापुढे आकडा वाढवून वेग वाढत नाही, एरर मात्र वाढतात. आणि काही कारणाने जोडण्या वेगवेगळ्याच हव्या असतील तर सेमाफोरच्या आत जोडणीची ओळही हवी. पुष्कळ कोडमध्ये तो फक्त पुटभोवती असतो, आणि जोडण्या त्याच्याबाहेर मोकाट उघडत राहतात.

फेल झाल्यावर लगेच पुन्हा प्रयत्न करणारा कोड असेल तर तो आगीत तेल ओततो. प्रत्येक प्रयत्नानंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करा आणि त्यात थोडा यादृच्छिक भाग मिसळा, नाहीतर सगळे टास्क पुन्हा एकाच क्षणी धडकतात. लॉगिन नाकारलं गेलं असेल तर पुन्हा प्रयत्न करूच नका, कारण दुसऱ्यांदा उत्तर बदलणार नाही. फेलटूबॅनसारखं (फसलेली लॉगिन बघून पत्ता बंद करणारं) काही असेल तर तुमचा पत्ताच बंद होईल. ओपनएसएसएच ९.८ पासून, म्हणजे २०२४ पासून, अशा पत्त्यांना काही काळ दूर ठेवण्याची सोय सर्व्हरमध्येच आली आहे.

इथेही थांबायचं: तुमचा पत्ता किंवा खातं बंद झालंय असं दिसलं तर दुसऱ्या पत्त्यावरून प्रयत्न करू नका. सर्व्हर सांभाळणाऱ्याशी बोला. मॅक्सस्टार्टअप्स वाढवून मागण्याआधी आपला सेमाफोर जागेवर आहे याची खात्री करून मगच जा.

५. लूप अडकतोय का, जोडणी निजते का, फाइल पुरी पोचते का

इव्हेंट लूप एकाच थ्रेडवर चालतो. त्यात कुणी टाइम स्लीप लावला, मोठी फाइल झिप केली, शा-२५६ हॅश काढला किंवा पॅरामिकोसारखी ब्लॉक करणारी लायब्ररी बोलावली, की तेवढा वेळ सगळंच थांबतं. सर्व्हरने "आहेस का?" असं विचारलं तर उत्तर द्यायलाही कुणी नसतं. क्लायंटअलाइव्हइंटरव्हल (किती सेकंदांनी विचारायचं) १५ आणि काउंट (उत्तराविना किती वेळा विचारायचं) ३ असेल तर साधारण ४५ सेकंदांत सर्व्हर जोडणी तोडतो. मग तुम्ही म्हणता नेटवर्क तुटलं. डीबग मोडमध्ये १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लूप अडवणारी प्रत्येक गोष्ट लॉगमध्ये येते, ती यादी वाचा. अशी कामं टू थ्रेड फंक्शनने वेगळ्या थ्रेडवर बाजूला काढा. हॅश काढताना पायथन मोठ्या तुकड्यांसाठी जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) सोडतं, त्यामुळे त्याला थ्रेड पुरतो. शुद्ध पायथनमधल्या जड गणितासाठी वेगळी प्रोसेसच लागते.

जोडणी उघडी ठेवून मधे बराच वेळ काही पाठवलं नाही तर वाटेतला फायरवॉल किंवा नॅट (पत्ते बदलून देणारा राउटर) त्या जोडणीची नोंद गुपचूप विसरतो. पुढची फाइल पाठवायला गेलात की ती हवेत जाते, एररही बराच वेळ येत नाही. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा छोटा संदेश) इथे उपयोगी पडत नाही. मुळात तो सॉकेटवर चालू करावा लागतो, आणि डिफॉल्टने त्याची पहिली हालचाल ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी होते. असिंकएसएसएचमध्ये कीपअलाइव्ह इंटरव्हल डिफॉल्टने बंद असतो. तो ३० सेकंद द्या. काउंटचा डिफॉल्ट ३ आहे, तो तसाच राहू दे.

टाइमआउट लावताना पूर्ण फाइलवर एक आकडा लावू नका. छोट्या फाइलला तो फार लांब पडतो, मोठीला अपुरा. पुटला प्रोग्रेस हँडलर देता येतो. शेवटचा बाइट कधी सरकला ती वेळ त्यात नोंदवा आणि ठरावीक वेळ काहीच सरकलं नाही तर टास्क रद्द करा.

आणि ही सवय कायमची लावून घ्या: फाइल थेट खऱ्या नावाने कधीच पाठवायची नाही. तात्पुरत्या नावाने पाठवा, शेवटी पार्ट वगैरे लावून. पूर्ण झाली की सर्व्हरवरचा आकार मूळ फाइलच्या आकाराशी जुळवा आणि मग रीनेम करा. जुनी फाइल बदलायची असेल तर असिंकएसएसएचचं पॉझिक्स रीनेम वापरा; ओपनएसएसएचच्या एक्स्टेंशनमुळे ते आधीच्या नावावरही चालतं. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा; दुसऱ्या फाइलसिस्टीमवर असेल तर रीनेम होणार नाही. असं केलं की जोडणी कुठेही तुटली तरी पलीकडच्या प्रोग्रामला अर्धी फाइल दिसत नाही. माझ्या मते या पानावरचा सगळ्यात मोलाचा बदल हाच आहे, बाकी काही जमलं नाही तरी एवढा करा.

वाटेत डेटा बदलला जाणार नाही याची काळजी एसएसएच स्वतः घेतं. मग चेकसम (फाइलच्या मजकुराचा ठसा) कशाला? अपलोड सुरू असताना इकडची मूळ फाइलच कुणी लिहीत असेल तर आकार आणि मजकूर दोन्ही घसरतात, आणि एसएसएचला त्यात काही वावगं दिसत नाही. पाठवण्याआधी शा-२५६ काढून ठेवा आणि पलीकडे शेलची मुभा असेल तर तिथे जुळवा. पैशांचे किंवा रुग्णांचे व्यवहार असतील तर हे टाळू नका.

६. इथपर्यंत सगळं ठीक, तरी थबकतंय

आता शेवटची आणि अवघड जागा. छोट्या फायली जातात, मोठी सुरू होताच गोठते, किंवा की एक्स्चेंजच्या मधेच सगळं स्तब्ध होतं. साध्या कमांडनेही तसंच. मग पॅकेटचा आकार तपासा. इथरनेटचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सहसा १५०० असतो. लिनक्सवर पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४७२ बाइटचा डेटा पाठवा. हेडरचे २८ मिळून १५०० होतात. ते जात नसेल पण १३०० जात असेल, तर वाटेत कुठेतरी, बहुधा व्हीपीएनच्या बोगद्यात, मोठी पॅकेट्स गडप होतायत आणि त्याची खबर परत येत नाहीये. काही ठिकाणी पिंगच बंद असतो, तेव्हा या चाचणीवरून निष्कर्ष काढू नका. चाचणीपुरता आपल्या मशीनचा एमटीयू कमी करून बघता येतो. त्याने काम सुरू झालं तर कारण सापडलं, पण दुरुस्ती तुमची नाही. राउटर, फायरवॉल आणि बोगद्याची सेटिंग्ज नेटवर्क इंजिनिअरकडे सोपवा. चालू सर्व्हरच्या एसएसएच कॉन्फिगरेशनलाही स्वतः हात घालू नका. एक चुकीची ओळ आणि रीस्टार्ट, की सगळ्यांनाच दार बंद.

पलीकडचा सर्व्हर ओपनएसएसएचचा नसून एखादं जुनं उपकरण असेल तर एक प्रयोग करण्यासारखा आहे: पुटमधला मॅक्स रिक्वेस्ट्सचा आकडा खूप कमी करा. असिंकएसएसएच एका फाइलसाठी अनेक लेखन-विनंत्या एकत्र पाठवते, आणि काही जुन्या सर्व्हरना तेवढ्या एकदम झेपत नाहीत.

मदत मागताना

सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे जाताना "अपलोड होत नाही" एवढंच नेऊ नका. सेकंदापर्यंतची वेळ आणि तिचा टाइमझोन, तुमच्या मशीनचा पत्ता, युजरचं नाव, फाइलचं नाव आणि आकार, कमांडचं बोलकं आउटपुट, आणि एका वेळी किती जोडण्या उघडता तो आकडा द्या. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच सेकंदाची ओळ शोधली की उत्तर बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं. एसएफटीपीच्या हालचाली लॉगमध्ये दिसत नसतील तर इंटर्नल एसएफटीपीची लॉग पातळी इन्फोवर न्यायची विनंती करा. मग कोणती फाइल उघडली, किती बाइट लिहिले आणि ती कधी बंद झाली हे दिसतं.

आउटपुट पाठवण्याआधी त्यात पासवर्ड किंवा टोकन नाही ना ते बघा. प्रायव्हेट की कुणालाही पाठवायची नाही, मदत करणाऱ्यालाही नाही. निदानासाठी पब्लिक की आणि तिचा फिंगरप्रिंट पुरतो. ती घाईत कुठे पाठवली गेली असेल तर मेसेज पुसून भागत नाही. नवी जोडी तयार करा, नवी पब्लिक की सर्व्हरवर लावून घ्या आणि जुनीची ओळ ऑथराइज्ड कीज फाइलमधून त्याच दिवशी काढायला सांगा.